डिस्चार्ज बुकात मेडल नाही, कोर्स नाही: नागपूरच्या माजी सैनिकांनी नोंद कशी दुरुस्त करून घ्यावी

फौजेतून घरी येताना हातात पडलेलं डिस्चार्ज बुक बहुतेक जवान त्या दिवशी नीट वाचत नाहीत. पेन्शनचे कागद, क्लिअरन्स, फंडाचा हिशेब, पेटी बांधणं आणि घरची ओढ यातच तो दिवस जातो. मग काही वर्षांनी वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) नाहीतर अंबाझरीच्या आयुध निर्माणीतल्या नोकरीच्या जाहिरातीसाठी झेरॉक्स लावायची वेळ येते. मुलगा पानं उलटून विचारतो, ‘बाबा, तुम्ही तर सियाचिनला होते ना? इथं काहीच लिहिलं नाही.’ कोणाचा ऑपरेशन विजयचा स्टार नसतो, कोणाचा ड्रायव्हिंगचा ट्रेड जुन्याच क्लासवर थांबलेला असतो, कोणाचा गुलमर्गचा कोर्स गायब असतो.

माझी नोकरीतली बरीच वर्षं डॉक्युमेंटेशनच्या टेबलावर गेली. आता कामठी रोडला राहतो, आणि काटोल, उमरेड, रामटेक, सावनेरकडचे माजी सैनिक हीच अडचण घेऊन येतात. बहुतेकांचे अर्ज आधी एकदा-दोनदा परत आलेले असतात. ते परत का येतात हे कळलं की अर्धं काम झालं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

डिस्चार्ज बुक हा उतारा आहे. सातबाऱ्यावर नाव चढवायचं तर आधी फेरफार पडावा लागतो. तलाठ्याला नुसतं ‘नाव लिहा’ म्हणून चालत नाही. फौजेत फेरफाराच्या जागी असते पार्ट टू ऑर्डर. जवानाच्या नोकरीत काहीही घडलं, बदली, बढती, लग्न, अपत्य, कोर्स, मेडल, तर युनिट त्याची पार्ट टू ऑर्डर काढतं. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथे तुमच्या शीट रोलवर, म्हणजे तिथे राहणाऱ्या तुमच्या नोकरीच्या मूळ नोंदीवर, चढते. डिस्चार्जच्या वेळी शीट रोलवरून बुक भरलं जातं. म्हणून ‘माझ्या बुकात अमुक मेडल लिहून द्या’ एवढाच अर्ज केला की रेकॉर्डचा क्लर्क शीट रोल उघडतो, नोंद दिसत नाही, आणि ‘नोंद उपलब्ध नाही’ असं उत्तर पाठवतो. त्याचं उत्तर नियमाने बरोबर असतं. बुकाच्या मागे असलेली नोंद शोधायची, आणि नसेल तर उभी करायची, हेच आपलं खरं काम. वायुसेनेत पार्ट टू ऑर्डरच्या जागी पीओआर असतो आणि नौदलात जेनफॉर्म, पण रीत तीच.

आधी वही, मग अर्ज

एक वही घ्या आणि भरतीपासून डिस्चार्जपर्यंतची नोकरी वर्षावार मांडा: कोणतं युनिट, कोणती जागा, कधीपासून कधीपर्यंत, त्या काळात कोणतं ऑपरेशन, कोणता कोर्स, आणि घरात त्याचा कोणता कागद आहे. ज्यांची आठवण पुसट झाली आहे त्यांनी जुन्या साथीदाराला फोन लावून एकत्र बसून हे करावं. तारीख आठवत नसेल तर महिना लिहा, महिना नसेल तर ‘पावसाळ्यात’ लिहा, पण अंदाजाने पक्की तारीख टाकू नका. चुकीची पक्की तारीख शीट रोलशी जुळली नाही की तुमच्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरही शंका येते.

मग जी मेडलं दिसत नाहीत ती तीन गटांत वेगळी करा, कारण प्रत्येक गटाला पुरावा निराळा लागतो.

पहिला गट नुसत्या नोकरीच्या काळावर मिळणाऱ्या मेडलांचा. नऊ वर्षांचं आणि वीस वर्षांचं लाँग सर्व्हिस मेडल यात येतं. स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं मेडल १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्यांना, आणि ५० व्या वर्षाचं १५ ऑगस्ट १९९७ ला सेवेत असलेल्यांना मिळालं. इथे पुरावा शोधत फिरायची गरज नाही. भरतीची आणि डिस्चार्जची तारीख बुकाच्या पहिल्या पानांवर असतेच. शिस्तीची काही अडचण नोंदलेली नसेल तर हे काम सर्वांत लवकर होतं, म्हणून ते मोठ्या मागणीत मिसळू नका.

दुसरा गट इलाख्याचा आणि ऑपरेशनचा. १९६५ चा समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार, सैन्य सेवा मेडल, सामान्य सेवा मेडल, विशेष सेवा मेडल, सियाचिन ग्लेशियर मेडल, हाय अल्टिट्यूडचं मेडल, विदेश सेवा मेडल, कारगिलनंतरचे ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल, २००१-०२ च्या जमवाजमवीचं ऑपरेशन पराक्रम मेडल, ही सगळी यात येतात. इथे एकच प्रश्न असतो: त्या ठरलेल्या इलाख्यात, त्या ठरलेल्या काळात, लागणारे दिवस तुम्ही होता का? युनिट तिथे होतं एवढ्याने भागत नाही. युनिट पुढे गेलं आणि तुम्ही रिअर पार्टीत (मागे ठेवलेल्या तुकडीत), सुट्टीवर किंवा दवाखान्यात होता असंही असू शकतं, आणि रेकॉर्ड ऑफिस नेमकं तेच तपासतं. १९६५ चं रक्षा मेडल आणि १९७१ चं संग्राम मेडल मात्र प्रत्यक्ष लढाईच्या इलाख्यापुरती नव्हती. त्या काळात सेवेत असलेल्या फार मोठ्या वर्गाला ती मिळाली. घरात वडिलांचं संग्राम मेडल आहे म्हणजे पूर्वी स्टारही असायलाच हवा, असं मुलं धरून चालतात, तसं नसतं.

याच गटात क्लास्पची, म्हणजे मेडलच्या फितीवर लागणाऱ्या इलाख्याच्या नावाच्या पट्टीची, भानगड असते. मेडल बुकात असतं, पण ज्या इलाख्यासाठी ते मिळालं त्याचा क्लास्प लिहिलेला नसतो. सैन्य सेवा मेडलला जम्मू-काश्मीरचा क्लास्प वेगळा, हिमालयाचा वेगळा. एकाच माणसाला एकाच मेडलवर दोन क्लास्प मिळू शकतात. तेव्हा अर्जात मेडलसोबत क्लास्पचं नावही लिहा.

तिसरा गट व्यक्तीला मिळालेल्या सन्मानाचा. वीरचक्र, शौर्यचक्र, सेना मेडल, मेन्शन इन डिस्पॅचेस यांची अधिसूचना भारताच्या राजपत्रात निघते. राजपत्राची तारीख आणि क्रमांक जोडला की वाद उरत नाही. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या वेबसाइटवर नावानुसार शोधता येतं. सेनाध्यक्षांचं किंवा आर्मी कमांडरचं कमेंडेशन कार्ड हे मेडल नाही, पण त्याचीही नोंद व्हायला हवी. त्यासाठी मूळ कार्डाची प्रत पुरेशी असते.

जखमेचं मेडल, म्हणजे पराक्रम पदक, याबद्दल थोडं थांबून सांगतो. शत्रूच्या किंवा अतिरेक्यांच्या थेट कारवाईत जखमी झालेल्यांना ते मिळतं. तुम्ही गोळी किंवा स्प्लिंटर खाल्लं आणि तरीही हे मेडल बुकात नसेल, तर नुसतं मेडल सुटलं असं समजू नका. तुमची जखम ‘बॅटल कॅज्युअल्टी’ म्हणून नोंदली होती की साधी ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ म्हणून, हे आधी पाहा. दुसरं असेल तर तुमच्या वॉर इंज्युरी पेन्शनचाही प्रश्न उभा राहतो, आणि तो मेडलपेक्षा कितीतरी मोठा आहे. अशा वेळी मेडलचा अर्ज घाईने टाकू नका. इंज्युरी रिपोर्ट, हॉस्पिटलचे कागद आणि कॅज्युअल्टीची पार्ट टू ऑर्डर मागवून घ्या, मग दोन्ही दावे नीट मांडा.

कामठीला जाण्याआधी हे वाचा

नागपुरात सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आणि रेकॉर्ड ऑफिस आहे. पण तिथे फक्त गार्ड्सचे कागद असतात. महार रेजिमेंटचा माणूस ऑटोमोटिव्ह चौकातून ऑटो करून कामठीला जातो आणि संध्याकाळी तसाच परत येतो, हे मी पाहत आलो आहे. वायुसेनेतून निवृत्त झालेले असेच वायुसेना नगरला जातात. तिथे मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, रेकॉर्ड नाही. सीताबर्डीच्या किल्ल्यातही तुमचा शीट रोल नाही.

तुमचं रेकॉर्ड ऑफिस तुमच्या रेजिमेंटवर किंवा कोअरवर ठरतं, घरच्या पत्त्यावर नाही. विदर्भातल्या जवानांना जास्त लागणारी ठिकाणं अशी: महार रेजिमेंट मध्य प्रदेशात सागरला, मराठा लाइट इन्फन्ट्री बेळगावला, आर्टिलरी नाशिक रोड कॅम्पला, आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री अहिल्यानगरला (जुनं अहमदनगर), बॉम्बे सॅपर्स पुण्यात खडकीला, सिग्नल्स जबलपूरला, ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) सिकंदराबादला, आर्मी मेडिकल कोअर लखनौला, डीएससी (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) केरळात कन्नूरला. नौसैनिकांसाठी मुंबईत मानखुर्दला कमोडोर ब्युरो ऑफ सेलर्स, आणि वायुसैनिकांसाठी दिल्लीत सुब्रोतो पार्कला एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस.

काही जणांचं इथेही अडतं. डीएससीत दुसरी नोकरी केलेल्यांच्या दोन सेवा आणि दोन कागदपत्रं असतात. पहिल्या नोकरीत कमावलेलं मेडल पहिल्याच रेकॉर्डकडून नोंदवून घ्यावं लागतं, कन्नूर ते करू शकत नाही. १९७९ मध्ये मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंट उभी राहिली तेव्हा वेगवेगळ्या इन्फन्ट्री रेजिमेंटच्या पलटणी तिच्यात गेल्या. १९९४ मध्ये एअर डिफेन्स आर्टिलरीपासून वेगळी कोअर झाली. त्या बदलात सापडलेल्यांनी भरती एका रेजिमेंटला आणि डिस्चार्ज दुसऱ्या रेजिमेंटमधून असं असेल, तर डिस्चार्ज बुकावर ज्या रेकॉर्ड ऑफिसचा शिक्का आहे तिथे आधी लिहावं.

आणि राष्ट्रीय रायफल्स. माझ्या पाहण्यात नोंद हरवण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. आरआरची पलटण एका रेजिमेंटशी जोडलेली असते, जसं २१ आरआर गार्ड्सशी किंवा ४१ आरआर मराठा लाइट इन्फन्ट्रीशी. पण तिच्यात सिग्नल्स, ईएमई, एएससी (आर्मी सर्व्हिस कोअर), मेडिकल असे इतर कोअरचेही जवान असतात. काश्मीरातली तुमची पार्ट टू ऑर्डर आरआरच्या युनिटने काढायची आणि ती तुमच्या मूळ रेकॉर्ड ऑफिसला पोचायची. या प्रवासात कागद गहाळ होतो, किंवा आर्मी नंबरमधला एक आकडा चुकतो आणि नोंद दुसऱ्याच कोणाच्या शीट रोलवर बसते. एनसीसी, आसाम रायफल्स किंवा संयुक्त राष्ट्रांच्या मिशनवर गेलेल्यांचंही असंच होतं. तुमची सुटलेली नोंद अशा काळातली असेल, तर अर्जात ‘मी त्या काळात अमुक आरआरमध्ये अटॅच्ड होतो’ हे पहिल्याच ओळीत यायला हवं.

शीट रोलची प्रत मागवा

दुरुस्तीचा अर्ज करण्याआधी स्वतःच्या शीट रोलची प्रमाणित प्रत हातात घ्या. पहिल्यांदा साधं पत्र लिहून मागा. काही रेकॉर्ड ऑफिसं तेवढ्यावर पाठवतात. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवरून ऑनलाइन करता येतो, किंवा पोस्टल ऑर्डर जोडून पोस्टाने. स्वतःच्या सेवेची कागदपत्रं तुम्ही स्वतः मागता आहात, त्यामुळे ‘खासगी माहिती’ म्हणून ती नाकारण्याचं कारण उरत नाही. ओळखपत्राची आणि बुकाच्या पहिल्या पानाची प्रत मात्र जोडा.

आरटीआयमध्ये ‘मला मेडल का दिलं नाही’ असा प्रश्न विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, ते कागद द्यायला बांधील आहेत. मागणी अशी असावी: माझ्या शीट रोलची प्रमाणित प्रत, अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत माझ्या आर्मी नंबरावर निघालेल्या मेडल आणि कोर्सविषयीच्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, आणि माझ्या नावे मेडल जारी झालं असल्यास त्याच्या नोंदीची प्रत. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं.

एक गोष्ट तातडीची. पेन्शनशिवाय बाहेर पडलेल्यांची सेवा कागदपत्रं नियमानुसार २५ वर्षांनी नष्ट केली जातात. मागे उरतो तो लाँग रोल, आणि त्यात फार थोडी माहिती असते. तुमच्या ओळखीत कोणी अशा प्रकारे लवकर डिस्चार्ज झालेला असेल तर त्याला आजच सांगा. पेन्शनरनेही ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नये. कागद जितका जुना तितका तो शोधणारा माणूस मिळणं कठीण.

प्रत आली की दुखणं ओळखा

शीट रोल हातात आला की तीनपैकी एक चित्र दिसतं.

नोंद शीट रोलवर आहे, फक्त बुकात उतरली नाही. हे सर्वांत सोपं. शीट रोलच्या त्या पानाची प्रत लावून ‘या नोंदीप्रमाणे बुकात एन्ट्री करावी’ एवढाच अर्ज पुरतो.

किंवा पार्ट टू ऑर्डर निघाली होती, तुमच्याकडे तिची प्रत किंवा निदान क्रमांक आहे, पण ती शीट रोलवर चढलेली नाही. इथे अर्जात ऑर्डरचा क्रमांक, तारीख आणि ती काढणाऱ्या युनिटचं नाव ठळक द्या. ऑर्डरची प्रत पे अकाउंट्स ऑफिसलाही जाते, म्हणून पगारावर परिणाम करणाऱ्या नोंदींचा, विशेषतः ट्रेडच्या क्लासचा, माग तिथेही लागू शकतो.

तिसरं चित्र अवघड. ऑर्डर कधी निघालीच नाही. इथे रेकॉर्ड ऑफिस स्वतःहून काही लिहू शकत नाही. त्याला युनिटकडून पुष्टी लागते. म्हणून तुमचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला जाईल, पण तुमचे पुरावे युनिटला पटतील असे हवेत. कोणते कागद उपयोगी पडतात ते माझ्या अनुभवाने वजनानुसार सांगतो.

सर्वांत जड पुरावा त्या काळातला, सरकारी शिक्क्याचा. मूव्हमेंट ऑर्डर, लीव्ह सर्टिफिकेटवर लिहिलेलं युनिट आणि ठिकाण, हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप, कोर्सचं प्रमाणपत्र किंवा कोर्स रिपोर्ट. त्यानंतर पगाराचे जुने कागद. हे लोक विसरतात, आणि मला ते सोन्यासारखे वाटतात. जुन्या पे स्लिपवर फील्ड एरियाचा, हाय अल्टिट्यूडचा किंवा सियाचिनचा भत्ता दिसत असेल, तर सरकारनेच त्या महिन्यात तुम्ही तिथे होता हे मान्य केलेलं असतं. सलग महिन्यांच्या स्लिपा सापडल्या तर इलाख्यातले दिवस मोजता येतात. गावाकडच्या घरी ट्रंकेत, देवघराच्या फडताळात, एलआयसीच्या पॉलिसीखाली शोधा.

मग येतो त्या वेळच्या कंपनी कमांडर किंवा सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांचा दाखला. निवृत्त अधिकाऱ्यानेही स्वतःच्या सही-तारखेने, आपला सर्व्हिस नंबर देऊन लिहून दिलं तर त्याला वजन असतं. सोबतच्या जवानांचं लेखी निवेदन त्याखालोखाल, आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या बुकात तेच मेडल लागलेल्या पानाची प्रत जोडली तर ते दुप्पट उपयोगी. एकाच सेक्शनमधल्या चौघांपैकी तिघांना मेडल आहे आणि चौथ्याला नाही, हे दिसलं की युनिटलाही वाटतं की आपलंच काही सुटलं. ग्रुप फोटो जोडा, पण फक्त फोटोवर भिस्त ठेवू नका.

प्रतिज्ञापत्र रेकॉर्ड ऑफिसने मागितलं तरच करा. कोर्टाबाहेर बसलेले टायपिस्ट आधी प्रतिज्ञापत्रच करून देतात. त्याने नोंद उभी राहत नाही.

कोर्स आणि ट्रेड

मेडलं नसली की मनाला लागतं, कोर्स नसला की पोटाला. दहावी झालेला आणि १५ वर्षं सेवा केलेला माजी सैनिक केंद्र सरकारच्या ग्रुप सीमधल्या, पदवी लागणाऱ्या पदांसाठी पात्र धरला जातो. दहावीच्या जागी आर्मीचं स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशनही चालतं. पण ते सर्टिफिकेट बुकात चढलेलं नसेल तर भरतीचं कार्यालय फॉर्म बाजूला ठेवतं. ड्रायव्हर, व्हेइकल मेकॅनिक, रेडिओ ऑपरेटर, नर्सिंग असिस्टंट यांच्या ट्रेडचा क्लास जुनाच राहिला असेल तर खासगी कंपनीतही पगार खालून सुरू होतो. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड च्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. ते मिळूनही पदाची पात्रता कागदावर दाखवावी लागतेच.

कोर्सच्या बाबतीत एक सोय आहे. युनिटशिवाय प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेकडेही कोर्सच्या निकालाची नोंद असते. महूचं इन्फन्ट्री स्कूल, गुलमर्गचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल, मिझोराममधलं वैरेंगतेचं जंगल वॉरफेअर स्कूल, देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी, पुण्याचं कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग आणि आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंग, वडोदऱ्याचं ईएमई स्कूल. कोर्सचं नाव, सीरियल नंबर, तारखा आणि त्या वेळची रँक देऊन थेट संस्थेकडे निकालाची पुष्टी मागा, आणि ते उत्तर रेकॉर्ड ऑफिसच्या अर्जाला जोडा. सीरियल नंबर आठवत नसेल तर कोर्सच्या ग्रुप फोटोखालच्या पट्टीवर तो बहुतेक वेळा छापलेला असतो.

युनिटमध्येच झालेले कॅडर, उदाहरणार्थ प्रमोशन कॅडर, मात्र फक्त युनिटच सांगू शकतं. नोकरीसाठी त्यांचा उपयोग थोडा. त्यामागे फार जोर लावू नका.

अर्ज कसा लिहावा

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करा, कारण सागर किंवा सिकंदराबादचा क्लर्क मराठी वाचेलच असं नाही. एका पानात बसवा. माझ्याकडे आलेल्यांना मी साधारण असा मजकूर लिहून देतो:

‘प्रति, चीफ रेकॉर्ड ऑफिसर. विषय: सेवा नोंदीत व डिस्चार्ज बुकात सुटलेल्या मेडलची नोंद करण्याबाबत. आर्मी नंबर, रँक, नाव, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) क्रमांक. १) मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक युनिटमध्ये, अमुक ठिकाणी सेवेत होतो. २) या सेवेबद्दल अमुक मेडल, अमुक क्लास्पसह, मला देय आहे. ३) सोबत जोडलेल्या माझ्या शीट रोलच्या प्रतीत ही नोंद दिसत नाही. ४) माझ्या म्हणण्याच्या पुष्टीसाठी खालील कागद जोडले आहेत. ५) विनंती की युनिटकडून पडताळणी करून पार्ट टू ऑर्डर काढावी, शीट रोल व डिस्चार्ज बुकात नोंद करावी, आणि मेडल प्रत्यक्ष मिळालेलं नसल्यास तेही पाठवावं.’

शेवटच्या ओळीतल्या तिन्ही मागण्या वेगळ्या आहेत, आणि तिन्ही लिहायला हव्यात. नोंद झाली पण मेडल हाती आलं नाही, असं पुष्कळांचं होतं.

एका अर्जात एकाच प्रकारची मागणी ठेवा. मेडल, कोर्स, पत्नीच्या नावातली चूक आणि जन्मतारीख असं सगळं एकत्र लिहिलं की कागद चार सेक्शनमध्ये फिरतो आणि जिथे अडतो तिथे बाकीचंही अडतं. जन्मतारखेचा वाद तर मेडलच्या अर्जाच्या जवळपासही आणू नका.

मूळ डिस्चार्ज बुक मागितल्याशिवाय पाठवू नका. मागितलं तर प्रत्येक पानाचा रंगीत स्कॅन काढून, मग स्पीड पोस्टने, पोचपावती ठेवून पाठवा. बुकात स्वतःच्या हाताने काहीही लिहू नका, कोणाकडून लिहूनही घेऊ नका. खरं असलेलं मेडलही अनधिकृत हाताने लिहिलं गेलं तर पुढे सगळं बुकच संशयात येतं. लॅमिनेशनही नको, कारण मग त्यावर शिक्का उमटत नाही.

स्पर्श पोर्टलवर ही दुरुस्ती होत नाही. ते पेन्शनसाठी आहे. सायबर कॅफेवाला ‘करून देतो’ म्हणाला तरी पैसे देऊ नका. या सगळ्या कामाला रेकॉर्ड ऑफिस फी घेत नाही.

नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत जरूर घ्या. कल्याण संघटक बहुधा स्वतः माजी सैनिक असतात, त्यांना ही भाषा कळते. कार्यालयाच्या अग्रेषण पत्रासह गेलेल्या अर्जाची नोंद दोन्हीकडे राहते, आणि पाठपुरावा सोपा होतो. ज्यांना स्वतः लिहिणं जमत नाही अशा काकांनी तर थेट तिथेच जावं.

उत्तर येत नसेल तर

दीड-दोन महिने वाट पाहा, मग पहिल्या अर्जाची तारीख आणि स्पीड पोस्टचा क्रमांक देऊन स्मरणपत्र पाठवा. त्यानंतर केंद्राच्या तक्रार निवारण पोर्टलवर, म्हणजे सीपीग्राम्सवर, माजी सैनिक कल्याण विभागाकडे तक्रार नोंदवा. दिल्लीतल्या डायरेक्टोरेट ऑफ इंडियन आर्मी व्हेटरन्सलाही लिहिता येतं. भाषा शांत ठेवा. ‘तीस वर्षं देशासाठी दिली’ हे खरं आहे आणि त्याची जाण मला आहे, पण टेबलावरच्या माणसाला क्रमांक आणि तारीख लागते.

स्पष्ट नकार आला, किंवा सहा महिने काहीच उत्तर नाही, तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलकडे जाता येतं. २००७ च्या कायद्याप्रमाणे सेवाविषयक वाद तिथे चालतात. महाराष्ट्रासाठी मुंबईचं खंडपीठ आहे. नकाराच्या आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. उत्तरच आलं नसेल तर वाट पाहण्याचे सहा महिने संपल्यावर पुढचे सहा महिने धरतात. उशीर झाला असेल तर कारण देऊन माफी मागता येते. हायकोर्ट सिव्हिल लाइन्सलाच आहे म्हणून आधी तिथे धाव घेतली तर बहुतेक वेळा ट्रिब्युनलकडेच जायला सांगतात. हिंगण्याच्या सीआरपीएफ ग्रुप सेंटरमधून निवृत्त झालेल्यांना मात्र हे ट्रिब्युनल लागू नाही. त्यांची रीत आणि रेकॉर्ड दोन्ही वेगळी.

एका नुसत्या मेडलसाठी ट्रिब्युनलपर्यंत जावं का? जखमेचं मेडल आणि पेन्शन जोडलेलं असेल तर निश्चित जावं. बाकीच्यांत पुरावा भक्कम आहे का ते एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवून ठरवा. नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) २०२५ मध्ये सुरू केलेल्या वीर परिवार सहायता योजनेतून सैनिक कार्यालयांच्या माध्यमातून कायदेशीर मदत देण्याची सोय झाली आहे. जिल्हा कार्यालयात तिची चौकशी करा.

पती हयात नसतील तर

पत्नीला किंवा वारसाला हाच अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, फॅमिली पेन्शनचा पीपीओ, ओळखपत्र आणि नातं दाखवणारा कागद जोडावा. अर्जात ‘नेक्स्ट ऑफ किन’ म्हणून सही करावी. बाईंना पतीचं युनिट किंवा आरआरचा नंबर माहीत नसतो, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. जुन्या पत्रांच्या पाकिटांवरचा ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (फौजेचं पोस्ट ऑफिस) सोबतचा पत्ता बघा. युनिटचं नाव बहुतेक वेळा तिथे सापडतं, आणि पोस्टाच्या शिक्क्यावर तारीखही. पत्रं फेकू नका, पाकिटं तर मुळीच नाही.

बुक परत आल्यावर

दारातच पाकीट फोडून तपासा. मेडलचं आणि क्लास्पचं नाव बरोबर आहे का, ऑथॉरिटी म्हणून पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक लिहिला आहे का, रेकॉर्ड ऑफिसरची सही आणि गोल शिक्का आहे का. ऑथॉरिटीशिवायची नोंद पुढे कोणीतरी नाकारतंच. काही राहिलं असेल तर त्याच आठवड्यात परत पाठवा, कारण फाइल अजून टेबलावर असते.

मग नवीन पानाचा स्कॅन काढा, दोन झेरॉक्स जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देऊन तुमच्या नोंदणीत बदल करून घ्या. आधी कुठे नोकरीसाठी अर्ज केला असेल तर तिथे दुरुस्त प्रत जोडून द्या. शौर्य पदक असेल तर राज्य शासनाच्या अनुदानाची चौकशीही त्याच कार्यालयात करा. प्रत्यक्ष मेडल यायला नोंदीपेक्षा जास्त वेळ लागतो. त्यासाठीचा पत्रव्यवहार वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि घर बदललं तर नवा पत्ता रेकॉर्ड ऑफिसला आधी कळवा, नाहीतर पार्सल जुन्या पत्त्यावरून परत जातं.